एवढ्याशा पिनेच्या भरवशावर

मला एक वस्तू सापडली आहे आणि भेटेल त्याला ती दाखवल्याशिवाय मला राहवत नाही! पर्समध्ये चार-सहा ठेवलेल्याच असतात. हातात घेतली तर वजन जाणवत नाही. दुकानदार ती सुटी विकत नाही, शेकड्याच्या पाकिटानं विकतो. आणि असल्या या तारेच्या तुकड्याच्या भरवशावर उसानं भरलेली ट्रॉली चालते, रिक्षाचं चाक फिरतं, मोटारीचं स्टिअरिंग वळतं, विमान उडतं. तिचं नाव कॉटर पिन. आमच्याकडच्या दुकानात मागायची असेल तर ‘स्प्लिट पिन द्या’ म्हणायचं.

मी कोल्हापूरजवळच्या कळंब्यात राहते, हिशेब लिहायचं काम करते. गारगोटी रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारी आणि दुरुस्त करणारी एक शेड आहे, तिथली बिलं माझ्याकडं येतात. पत्रा, चॅनल, बेअरिंग, टायर अशा मोठ्या रकमांच्या मध्ये एक किरकोळ ओळ कायम असते : ‘स्प्लिट पिन ४ बाय ५०’. गळीत हंगाम तोंडावर आला की ही ओळ एकदम वाढते. यंदा मी शेडवर गेले आणि मिस्त्रीमामांना विचारलंच, “मामा, एवढ्या पिना लागतात तरी कशाला?” त्यांनी तोंडानं उत्तर दिलं नाही. जॅकवर चढवलेल्या ट्रॉलीपाशी नेलं, चाकाच्या मधली पत्र्याची टोपी काढली आणि म्हणाले, “वाका ताई. हितं बघा.”

ग्रीसनं माखलेल्या आसाच्या टोकावर एक जाडजूड नट होता, पण नेहमीचा नव्हे. त्याच्या वरच्या कडेला सहा खाचा पाडलेल्या होत्या. हा कॅसल नट. आसाच्या टोकालाही आरपार भोक पाडलेलं. नटाच्या समोरासमोरच्या दोन खाचा आणि हे भोक एका रेषेत आलं की तिघांमधून मिळून पिन ओवायची. मग नटाला फिरायला जागाच राहत नाही!

मामांनी पाकिटातली नवी पिन माझ्या हातात दिली. तुम्हीही एकदा घेऊन बघा, डोळ्यांजवळ धरून. तार गोल नसते, अर्धगोल असते. सपाट बाजू आत ठेवून ती मधोमध दुमडलेली असते, त्यामुळं दोन पाय मिटले की त्यांची एक गोल काडी होते. दुमडीपाशी डोळा राहतो. डोळा भोकात शिरत नाही, म्हणून पिन एका बाजूनं अडते. पलीकडं निघालेले पाय फाकवले की दुसऱ्या बाजूनंही अडते. ना आटे, ना डिंक, ना वेल्डिंग!

आणि पाय सारखे नसतात. एक जरा लांब असतो. मला वाटलं, कापताना मागं-पुढं झालं असेल. छे! ते मुद्दाम आहे. दोन्ही टोकं बरोबरीनं मिटलेली असती तर ग्रीस लागलेल्या बोटांनी त्यांना वेगळं करणार कसं? लांब टोक पकडीत धरायचं आणि ओढायचं, पाय उघडतात. या एवढ्याशा तारेचा इतका विचार कुणीतरी करून ठेवला आहे, हे कळल्यावर मी तिथंच उभी राहून ती पिन उलटसुलट करत राहिले.

मग मामांनी व्हर्नियर काढला. ४ मिलिमीटरची पिन, मोजली तर ३.७ च्या आत! कारण पिनेवरचा आकडा पिनेचा नसतोच, ती ज्या भोकात जायची त्या भोकाचा असतो. हेही कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. स्प्लिट पिनांसाठी आयएस ५४९ हे वेगळं भारतीय मानक आहे, आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२३४ आहे. मापांची उतरंड ०.६ मिलिमीटरपासून थेट २० मिलिमीटरपर्यंत जाते. ०.६ म्हणजे शिवणाच्या सुईएवढी, २० म्हणजे माझ्या अंगठ्याहून जाड.

आता बसवायची रीत. ट्रॉलीच्या चाकात टेपर बेअरिंग असतं. मामा एका हातानं चाक फिरवत दुसऱ्या हातानं नट आवळत गेले, बेअरिंग जागेवर बसलं तसा नट थोडा मागं घेतला आणि जवळची खाच भोकासमोर आणली. फार आवळलं तर बेअरिंग तापतं, फार सैल ठेवलं तर चाक डुगडुगतं. इथं नट मागं घ्यायचा; पण जिथं बोल्ट ताणून दोन भाग घट्ट दाबायचे असतात तिथं रीत बरोबर उलटी. खाच जुळली नाही तर नट पुढंच न्यायचा, मागं कधी आणायचा नाही. सहा खाचा म्हणजे जास्तीत जास्त एक षष्ठांश फेरा. २० मिलिमीटरच्या बोल्टला नेहमीचे आटे असतील तर पूर्ण फेऱ्यात नट अडीच मिलिमीटर सरकतो. म्हणजे एका खाचेला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. खाचांनी ही एवढी बारीक जुळणी हातात आणून दिली आहे!

पिन ओवल्यावर एक पाय आसाच्या टोकावरून मागं वळवला, दुसरा नटाच्या अंगाला खाली दाबला, जास्तीची टोकं कापली, हातोडीनं दोन हलके ठोके दिले. मामांनी बोटानं पिन हलवून बघितली. हलली नाही. काढलेली जुनी पिन तिथंच पडली होती. मी विचारलं, “ही सरळ करून दुसरीकडं चालेल की?” मामांनी ती उचलली, सरळ केली, पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ केली, आणि वाकाच्या जागी ती तुटून दोन तुकडे झाले. “जुनी पिन परत घालणारा गडी माझ्याकडं कामाला नको,” एवढंच बोलले. मऊ पोलाद वाकवलं की त्या जागी ते कडक होतं, पुन्हा वाकवलं की तडकतं. म्हणून पिन एकदाच वापरायची. माझ्या वहीतली ती ओळ दर हंगामाला का वाढते, हे मला एका क्षणात कळलं!

“मग ही पिन वजन किती घेते?” मी विचारलं. मामा म्हणाले, “कसलंच वजन घेत न्हाई. ती फक्त जाऊ देत न्हाई.”

या वाक्यात सगळं आलं. ट्रॉलीचा भार आस घेतो, बेअरिंग घेतं, चाक घेतं. पिनेकडं काम एकच : नटाला सोडून जाऊ द्यायचं नाही. आणि हे काम क्षुल्लक नाही. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला आडवे हादरे बसत राहिले की आट्यांमधलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि घट्ट आवळलेला नटही आपोआप उलटा फिरू लागतो. खड्ड्यांतून जाणारी ट्रॉली म्हणजे आडव्या हादऱ्यांची खाणच. पिन घातलेल्या नटातला ताण कमी होऊ शकतो, खाचेत जी थोडी मोकळीक असते तेवढा तो हलूही शकतो, पण निघून पडत नाही. सैल झालेलं चाक आवाज करतं, सावध करतं. निघालेलं चाक सावध करायला थांबत नाही.

त्यानंतर मी जिथं जाईन तिथं पिना शोधू लागले आणि मला मोठा खजिनाच सापडला, कारण पिना एका जातीच्या नाहीत! शेडमध्ये ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडत होते. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन दांड्या अवजाराच्या खुंट्यांवर बसतात, आणि खुंटीच्या भोकात जाते ती लिंच पिन. जाड, आखूड, डोक्याला स्प्रिंगची कडी. पिन घालायची, कडी पलीकडं पाडायची, खट्! पकड नको, हातोडी नको, हातमोजे घातलेल्या हातानंही होतं. शेतकरी सकाळी नांगर लावतो, दुपारी रोटाव्हेटर, संध्याकाळी ट्रॉली. दिवसातून तीन वेळा तारेचे पाय कोण वाकवत बसेल?

ट्रॉली ओढायच्या हुकाच्या खुंटीला खाली असते ती आर क्लिप. एक पाय सरळ, तो भोकातून जातो; दुसरा नागमोडी, तो खुंटीला बाहेरून कवटाळतो. पोलाद स्प्रिंगचं असल्यामुळं ती वाकत नाही, फाकते आणि पुन्हा मिटते. म्हणून कितीही वेळा काढा-घाला. तिची एक खोड मामांनी सांगितली : उसाच्या पाल्यात, गवतात डोळा अडकला तर ती ओढली जाऊ शकते. अशा अडचणीच्या जागी गोल कडीची पिन बरी. शिडाच्या बोटींवर दोर आणि शिडं अडकून फाटू नयेत म्हणून अशाच कड्या वापरतात. दोन भोवऱ्यांची बो-टाय पिन असते, तिला खुंटीवर बसायच्या दोन जागा असतात. हॅमरलॉक नावाची एक असते, तिच्या डोक्यावर हातोडी मारली की पाय आपोआप फाकतात. जिथं पलीकडं हात पोचत नाही तिथं ती देवासारखी धावून येते. खारं पाणी असेल तर स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची पिन, कोरड्या जागी जस्ताचा मुलामा दिलेली साधी.

ही सगळी नावं मी वहीत एकाखाली एक लिहीत होते आणि लिहिता लिहिता त्यांच्यातली शिस्त समोर आली. वाकणारी पिन, स्प्रिंगची पिन, कडीची पिन, यांच्यात फरक ताकदीचा नाही. फरक एकाच प्रश्नाचा आहे : हा सांधा किती वेळा उघडायचा? रोज उघडायचा तिथं लिंच पिन. आठवड्या-पंधरवड्यानं उघडायचा तिथं आर क्लिप. हंगामातून एकदा, तेही कारागिरानंच उघडायचा, तिथं स्प्लिट पिन. तुम्ही यंत्राबद्दल काही न वाचता, कुणाला न विचारता, नुसती पिन बघून सांगू शकता की यंत्र बनवणाऱ्यानं हा सांधा कुणाच्या हाती सोपवला आहे! मोटारीच्या स्टिअरिंगच्या टाय-रॉडला कॅसल नट आणि स्प्लिट पिन असते, आर क्लिप नसते, ते एवढ्यासाठीच. तो सांधा घाईनं, सहज, हातानं उघडला जाऊ नये.

“मग नायलॉक नट का नाही घालत?” असं मला एकानं विचारलं. नायलॉक म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, आटे घट्ट धरणारा नट. प्रश्न चांगला आहे आणि उत्तरही छान आहे. नायलॉन साधारण १२० अंश सेल्सिअसच्या पुढं पकड सोडतं, म्हणून तापणाऱ्या जागी तो नको. आणि जिथं बोल्ट स्वतःच सांध्यात फिरतो, तिथं घर्षणावर विसंबणारा नट बोल्टाबरोबर हळूहळू फिरून निघू शकतो. विमानाच्या दुरुस्तीत अशा फिरत्या सांध्यांना कॅसल नट आणि कॉटर पिनच लागते.

या नियमामागं किती मोल आहे ते १६ फेब्रुवारी २००० ला दिसलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ एमरी वर्ल्डवाइडचं मालवाहू डीसी-८ विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि त्यातले तिघेही वैमानिक-कर्मचारी गेले. तपासात निघालं की शेपटीकडच्या उजव्या एलिव्हेटरचा (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या फळीचा) टॅब, म्हणजे छोटी पट्टी, हलवणारा दांडा सुटला होता, कारण त्याचा बोल्ट नीट बांधलेला आणि तपासलेला नव्हता. एवढं मोठं चार इंजिनांचं विमान, आणि गोष्ट येऊन थांबली एका बोल्टाच्या बंदोबस्तापाशी. हे वाचलं त्या दिवशी मी शेडवर जाऊन मामांना सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवून सगळं ऐकलं आणि पोरांना हाक मारून पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलं.

आता कॉटरचं दुसरं घराणं, आणि हे तर मला कळंब्यातच, शासकीय आयटीआयमध्ये मिळालं! आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असलेली ही संस्था; मी तिच्यासमोरून रोज जाते. तिथल्या फिटरच्या एका निदेशक सरांना गाठलं. त्यांनी फळ्यावर दोन दांडे काढले : एकाच्या टोकाला खोबण, दुसऱ्याचं टोक त्या खोबणीत गेलेलं, आणि दोघांतून आरपार एक आडवी फट. त्या फटीत ठोकली एक चपटी, निमुळती पट्टी. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतात तशी. हा कॉटर जॉइंट, आणि ती पट्टी म्हणजे कॉटर. इथं मात्र पिन वजन घेते! दांडे ओढले किंवा ढकलले की सगळा जोर त्या पट्टीवर दोन ठिकाणी कातरीसारखा येतो.

तिचा निमुळतेपणा ऐकून मी थक्क झाले. २४ ला १ पासून ४८ ला १ पर्यंत. म्हणजे २४ मिलिमीटर लांबीत रुंदी जेमतेम १ मिलिमीटर कमी होते. २४ ला १ चा उतार अडीच अंशांच्याही आत येतो, आणि पोलादावर पोलाद घसरायला त्याहून कितीतरी जास्त उतार लागतो. म्हणून ठोकलेला कॉटर आपण होऊन मागं येत नाही. उतार वाढवायचा असेल तर त्याला वेगळी अडकण द्यावी लागते. वाफेच्या इंजिनात पिस्टनचा दांडा क्रॉसहेडला असाच धरलेला असायचा. चौकोनी दांड्यांसाठी कॉटरच्या जोडीला गिब नावाची दुसरी पट्टी घालतात, म्हणजे पाचर ठोकताना दांड्याला बाहेरून कवटाळणाऱ्या पट्ट्याचे पाय फाकत नाहीत.

भारतीय रेल्वेनं तर या पाचरीवर हजारो किलोमीटर रूळ पेलले. सीएसटी-९ नावाचे बिडाचे स्लीपर होते. रुळाखाली दोन बिडाच्या थाळ्या, त्यांना जोडणारी लोखंडी टाय-बार, आणि टाय-बारला थाळीत पक्की करणारे कॉटर. त्या कॉटरांचेही प्रकार : मधोमध चिरलेला, कडेला चिरलेला, टोक भरीव ठेवून चिरलेला, पट्टी वाकवून केलेला. ठोकल्यावर चिरलेलं टोक फाकवायचं. म्हणजे पाचरही, फाकणारी पिनही! दोन्ही घराणी एकाच तुकड्यात एकत्र आलेली बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि आपल्या घराजवळचा कॉटर? जुन्या काळ्या सायकलच्या पेडलच्या दांड्याला बघा. गोल पिन, एका अंगाला तिरका सपाट काप, टोकाला आटे, वॉशर आणि बारका नट. तो सपाट काप मधल्या दांडीच्या खाचेवर बसतो आणि पायाचा सगळा जोर तिथून चाकाकडं जातो. दोन बाजूंचे दोन कॉटर एकमेकांच्या उलट दिशेनं घालायचे, तेव्हाच दोन पेडल एका रेषेत येतात. नटानं ओढून हा कॉटर बसवायचा नसतो. हातोडीनं ठोकून बसवायचा आणि नटानं फक्त राखायचा. ठोकताना खालून पेडलच्या दांड्याला पाइपचा आधार द्यायचा, नाहीतर घाव आतल्या छर्ऱ्यांवर जातो. कॉटर झिजला की पेडल मारताना खटका बसतो. तो खटका आपण सगळ्यांनी तळपायाला अनुभवला आहे!

कोल्हापूरच्या उद्यमनगरानं शेतकऱ्यांच्या विहिरींवर ऑइल इंजिनं पोचवली. त्या इंजिनाच्या माथ्यावर, टोपणाखाली, आणखी एक कॉटर दडलेला असतो. व्हॉल्व्हच्या दांडीला बारीक खोबण, तिच्यात बसणारे निमुळत्या नळीचे दोन अर्धे तुकडे, आणि त्यांच्यावर स्प्रिंगची वाटी. स्प्रिंग जितकी जोरानं वर रेटते तितके ते दोन तुकडे दांडीला घट्ट आवळतात. सोडवू बघणारा जोरच त्यांना पक्कं करतो. ना आटे, ना वाकवणं! नखाएवढे दोन तुकडे, आणि इंजिन चालू असताना मिनिटाला शेकडो वेळा उघडझाप सोसतात.

या सगळ्याची आजी आपल्या बैलगाडीत आहे. लाकडी चाक आसावरून बाहेर जाऊ नये म्हणून आसाच्या टोकाला घातलेली खीळ. कैकेयीची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते : रणात दशरथाच्या रथाची खीळ निघाली आणि तिनं तिथं आपला हात घातला, त्याबद्दल मिळालेल्या दोन वरांवर पुढचं सगळं रामायण उभं राहिलं. मी ती कथा त्यागाची म्हणून ऐकली होती. आता ती मला एका सांध्याची अचूक नोंद वाटते. खीळ गेली तर चाक जातं, चाक गेलं तर रथ जातो, हे त्या कथा सांगणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. कारखान्याकडं ऊस नेणाऱ्या आजच्या टायरगाडीत खिळीची जागा कॅसल नट आणि स्प्लिट पिनेनं घेतली. काम तेच राहिलं : जाऊ द्यायचं नाही.

आता माझं तुम्हाला आग्रहाचं सांगणं आहे. आज आपल्या वाहनाखाली वाका आणि पिना शोधा. मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकची दांडी बघा, रिक्षाच्या चाकाची टोपी काढताना उभे राहून बघा, ट्रॅक्टरवाल्याला लिंच पिन काढून दाखवायला सांगा. गॅरेजमधून गाडी घेताना किती पैसे झाले ते विचारता, त्याच्या आधी विचारा : “पिन नवी टाकली का?” गंजलेली, एकच पाय उरलेली, पिनेच्या जागी खिळा किंवा तारेचा तुकडा खुपसलेला दिसला तर गाडी तिथंच थांबवा आणि बदलून घ्या. भोकाच्या मापाची, नवी, पाय नीट वळवलेली पिन मागणं हा तुमचा हक्क आहे. आणि घरात एक पाकीट आणून ठेवा, निरनिराळ्या मापांचं. मी आणलं आहे. माझ्या वहीत आता ‘स्प्लिट पिन’ ही ओळ आली की मी तिच्यासमोर मापही सुवाच्य अक्षरात लिहिते, कारण त्या ओळीच्या जोरावर कुणाचा तरी ऊस कारखान्याच्या काट्यावर आणि गाडीवान आपल्या घरी सुखरूप पोचणार आहे!